टर्बो पास्कलमधला जिनिंगचा प्रोग्राम फ्री पास्कलवर ‘क्लास’ला का अडतो?

टर्बो पास्कल हा पास्कल भाषेचा जुना कंपाइलर, फ्री पास्कल नवा. कापसाच्या प्रतीसाठी रेकॉर्डमध्ये (एका नोंदीच्या साच्यात) ‘क्लास’ नावाचं फील्ड ठेवलंय, तेच नडतंय. फ्री पास्कलच्या डेल्फी मोडमध्ये (डेल्फीचे नियम पाळणारी सेटिंग) तो राखीव शब्द आहे, म्हणजे नाव म्हणून चालत नाही; ‘प्रॉपर्टी’, ‘ट्राय’, ‘रेज’सुद्धा. घाई असेल तर कंपाइल करताना टीपी मोड (टर्बो पास्कलचे नियम) लावा, हे शब्द मोकळे होतात. कायमचं करायचं तर फील्डला ‘प्रत_क्र’सारखं नाव रोमन लिपीत द्या. एडिटरमध्ये नाव शोधून बदलताना ‘पूर्ण शब्द’वर टिक हवीच, नाहीतर ‘क्लासनंबर’ही बिघडतो. फाइलमध्ये फील्डची नावं जात नाहीत, त्यामुळे जुन्या काटापट्ट्यांच्या नोंदी शाबूत राहतात.

खरी गोम पुढं आहे: टर्बोत इंटिजर (पूर्णांक) 2 बाइटचा, डेल्फी मोडमध्ये 4 चा. डेल्फी मोडमध्ये ‘स्मॉलइंट’ (2 बाइटचा पूर्णांक) आणि ‘पॅक्ड रेकॉर्ड’ (फील्डांमध्ये रिकामी जागा न सोडणारं) लिहा, नाहीतर जुन्या फाइलमधले क्विंटलचे आकडे भलतेच दिसतील.