बाई गेली, पण पिक्चर कुणाचा?

प्रश्न: रविवारी घरी ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ लावला होता. आई सुरुवातीलाच म्हणाली, “पोराला टाकून गेली, कसली आई ही!” आणि शेवटपर्यंत जोआनावर चिडलेलीच. बायकोचं म्हणणं, तिची बाजू दाखवलीच कुठे? मी मधे सापडलो. अमेरिकेत तेव्हा खरंच असं होत होतं की डायरेक्टरने रंगवून दाखवलंय?
— एक वाचक, दादर

उत्तर: होत होतं हो, आणि पिक्चर आला १९७९ च्या डिसेंबरात, त्याच्या चांगली दहा वर्षं आधीपासून होत होतं. त्याआधी तिकडे डिव्होर्स म्हणजे समोरच्याचा गुन्हा कोर्टात सिद्ध करायचा. क्रेमर मंडळी राहतात त्या न्यूयॉर्कात तर १९६७ पर्यंत व्यभिचार हे एकच कारण चालायचं, मग दोघांनाही सुटायचं असेल तर नवरा हॉटेलात रूम घेणार, पैसे देऊन कुणीतरी बाई आणणार आणि ठरवून फोटो काढून घेणार, असली नाटकं चालायची (हसू नका, आपल्याकडेही हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीचं कलम १९७६ साली आलं). १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाने कुणाचाही दोष सिद्ध न करता वेगळं होता येईल असा कायदा केला, सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन, जे स्वतः डिव्होर्सी. मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं, न्यूयॉर्क मात्र सगळ्यात शेवटी, २०१० ला!

पैशाचंही तसंच. कर्ज देताना बाई-पुरुष असा भेद नको म्हणणारा १९७४ चा कायदा होईपर्यंत बाईने कर्ज मागितलं तर बँक खुशाल नवऱ्याची सही आण म्हणायची. त्यानंतर पाचच वर्षांनी पडद्यावर जोआना पोराच्या ताब्यासाठी कोर्टात उभी राहून आपला पगार सांगते आणि तो तिच्या नवऱ्यापेक्षा, टेडपेक्षा, जास्त निघतो.

पण कायदे राहू द्या, हा पिक्चर खरा बदल पकडतो तो किचनमध्ये. बायको गेल्याच्या दुसऱ्या दिवशी टेड फ्रेंच टोस्ट करायला घेतो, अंडी फोडतो चक्क कॉफीच्या मगात, त्यात ब्रेड मावत नाही म्हणून दुमडतो, पोरगा बघतोय म्हणून तोंडाने सगळं मजेत चाललंय असं दाखवतो आणि शेवटी पॅनचा चटका बसून चिडतो. शाळेत सोडताना पोरालाच विचारतो, तू कितवीत आहेस? आपल्याकडे असे बाप शोधायला दादरच्या बाहेर जायला नको, एक नमुना मी रोज आरशात बघायचो. शेवटाकडे तेच दोघं परत फ्रेंच टोस्ट करतात, कुणी काही बोलत नाही, एक अंडी फेटतोय, दुसरा ब्रेड बुडवतोय, हात आपोआप चाललेत. दीड वर्षात बाप किती बदलला ते भाषण न देता कळतं.

आता तुमच्या बायकोचा मुद्दा, आणि मी त्यांच्याच बाजूचा आहे. टेडवर काय येतं बघा, पोराच्या पाठी धावताना ऑफिसला उशीर, डेडलाइन चुकते, बॉस वैतागतो, नोकरी जाते. हे नोकरी करणाऱ्या बायका रोजच भोगतात, फक्त इथे पुरुषावर आलं म्हणून पिक्चर झाला. जोआनाने तेच काम आधी कित्येक वर्षं घरात बसून केलं, ते आपल्याला एका मिनिटासाठीही दिसत नाही, ती पडद्यावर येते तीच घर सोडायच्या रात्री. टेड झालेल्या डस्टिन हॉफमनला ऑस्कर मिळालं, मिळायलाच हवं होतं, पण बायकांच्या आयुष्यातला बदल इथे नवऱ्याच्या खुर्चीत बसून सांगितलाय, आणि माझ्या मते १९७९ ची अमेरिका सगळ्यात स्पष्ट दिसते ती नेमकी इथे. बाई घराबाहेर पडली हे मान्य, पण सहानुभूती घरी राहिलेल्या पुरुषाला.

जोआना झालेल्या मेरिल स्ट्रीपला हे खटकलं होतं. मूळ कादंबरीतली जोआना तिला खलनायिका वाटली, मग डायरेक्टर रॉबर्ट बेंटनने कोर्टातलं बोलणं तिलाच लिहायला सांगितलं. म्हणून तो सीन वेगळा वाटतो, तिथे पहिल्यांदा जोआना स्वतः बोलते. आणि गंमत म्हणजे, लहान मूल आईकडेच जायला हवं हा जुना नियम तिकडची कोर्टं तेव्हा हळूहळू सोडत होती, पिक्चरमधला जज मात्र आई आहे म्हणून कस्टडी तिलाच देऊन मोकळा होतो.

आईंना तो कोर्टाचा सीन परत लावून द्या, पण जेवणं झाल्यावर.

प्रश्न: ‘अकेले हम अकेले तुम’ हीच स्टोरी ना?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर: बऱ्यापैकी तीच. पण मूळ पिक्चरमध्ये जोआना शेवटी मुलाला न नेण्याचं ठरवते आणि त्याला भेटायला एकटी लिफ्टने वर जाते, दार बंद, पिक्चर संपला, संसार परत जुळला की नाही कुणी सांगत नाही. १९९५ च्या हिंदीत बायकोला घरी परत आणल्याशिवाय पब्लिकला सोडायची हिंमत झाली नाही. आज कुणी परत बनवला तर काय करतील माहीत नाही, पण वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात एखादी सकाळ बसून आले तर लिफ्टवालाच शेवट ठेवतील असं वाटतं.