विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास? बोअर मारायच्या आधी

भाऊ, बोअरचं मशीन लगेच बोलावू नकोस. पेट्रोल कुठून गळतंय ते शोधायला आधी जवळच्या पेट्रोल पंपावर बसून साठ्याचा हिशेब बघ: दांडीचं माप, विक्री, टँकरची आवक. टाकीइतकाच पाइपांच्या जोडांवरही संशय ठेव.

मग आसपासच्या विहिरींची पाणीपातळी मोज. नवखे इथंच फसतात, मीही फसलो होतो. जमिनीचा उतार पाहून भूजलाची वाट ठरवली. यावल-रावेरकडे केळीसाठी एवढा उपसा चालतो की पाणी उलटंही वळतं. धुळ्याकडे बेसाल्ट, म्हणजे काळा खडक; तिथं त्याच्या भेगा नेतील तिकडं पाणी जातं. जवळची विहीर स्वच्छ, लांबची बाधित, असंही निघतं.

बाकीच्या चुका:
- बादलीतलं पाणी अर्ध्या बाटलीत भरणं. बेंझिन, म्हणजे पेट्रोलमधला विषारी घटक, उडून जातं. ४० मिलीची कुपी काठोकाठ भर, बुडबुडा नको, लगेच बर्फात ठेव.
- वासावर विसंबणं. पिण्याच्या पाण्यात बेंझिनची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलीग्रॅम आहे. एवढं नाकाला कळत नाही.
- एकाच फेरीत निकाल देणं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, पातळीबरोबर खाली-वर होतं. मे आणि सप्टेंबर, दोन्ही बघ.

आणि विहिरीत उतरायचं नाही. काठावर बिडीही नाही, मालकाची असली तरी.

मॉडेलिंग, म्हणजे पाण्याची वाट संगणकावर मांडणं वगैरे, पुढच्या वर्षी शिकशील.