एमएसडब्ल्यूचा फॉर्म भरण्याआधी

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली, सोबतची माहितीपत्रकंही वाचली. समाजकार्य (एमएसडब्ल्यू) घेऊ, गुन्हेगारीशास्त्र घेऊ की आदिवासी अभ्यास, असं विचारलंयस. 'सर्वांगीण विकास' सगळ्याच माहितीपत्रकांत आहे, फील्डवर्कला मात्र कुठेच दोन ओळींपेक्षा जास्त जागा नाही. मी त्या दोन ओळींच्या मागे लागले असते. आठवड्यातून किती दिवस बाहेर पाठवतात, कुठे पाठवतात, तू लिहिलेला अहवाल कोण वाचतं आणि वाचून तुझ्याशी बोलतं का? हे प्राध्यापकांना विचारू नकोस, ते माहितीपत्रकच वाचून दाखवतील. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ, चहा पाज आणि विचार. केसवर्क (एकेका माणसासोबतचं काम), ग्रुपवर्क (गटासोबतचं), समुदाय संघटन हे वर्गात थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखंच शिकवतात.

तुझा ओढा गुन्हेगारीशास्त्राकडे दिसतो. त्यात मालिकांचा वाटा किती, ते तुझं तू तपास. बोटांचे ठसे, डीएनए, रक्ताचे डाग हा न्यायसहायक विज्ञानाचा, म्हणजे फॉरेन्सिक सायन्सचा प्रांत. त्याला विज्ञानाची पदवी लागते, आणि त्याच्यासाठी गांधीनगरला वेगळं राष्ट्रीय विद्यापीठ आहे. तू बीए. तुझ्या वाट्याचं गुन्हेगारीशास्त्र वेगळं: माणूस गुन्ह्यापर्यंत पोचतो कसा, पोलीस कोणाला उचलतात, कोर्ट कोणाला सोडतं, सुटलेला जातो कुठे. मुंबईत देवनारच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) हा विषय समाजकार्याच्या पदवीतच रुजला. तिथल्याच पुढाकाराने 1984 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू झाला, आणि 1990 मध्ये टिसच्याच 'प्रयास' प्रकल्पाने तुरुंगात काम सुरू केलं. पोलिसांच्या आवारात बसायचं, पण पोलिसांचं माणूस व्हायचं नाही, ही कसरत तेव्हाही सोपी नव्हती आणि आजही नाही.

तुरुंगातलं काम म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण त्याबद्दल मुलांच्या डोक्यात समुपदेशनाचं फारच गोड चित्र असतं. 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या दर 100 कैद्यांमागे जवळजवळ 76 कच्चे कैदी होते. म्हणजे खटला अजून संपलेला नाही, आरोप सिद्ध झालेला नाही. त्यातल्या कित्येकांना जामीन मंजूरही झालेला असतो, तरी ते आतच. कोर्टाने पंधरा हजारांचा जामीन सांगितला, की तेवढ्या ऐपतीचा जामीनदार उभा करावा लागतो. त्याचं रेशनकार्ड, सातबारा नाहीतर पगाराची स्लिप, वर ऐपतीचा दाखला. तू कैद्याला पत्ता विचारतेस, तो सांगतो, 'पुलाच्या अलीकडे, रसवंतीच्या मागे.' तिथे जाऊन बघावं तर पालं उठलेली. रसवंतीवाला म्हणतो, ऊसतोडीला गेले. मग मुकादमाचा नंबर मिळवायचा, त्याच्या हातापाया पडून कैद्याच्या बायकोशी बोलायचं. तोवर इकडे गरिबांना फुकट वकील देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला गाठून जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच हमीवर) सोडण्याचा अर्ज करायला लावायचा. हे सगळं होईपर्यंत तारीख पडते आणि कैद्याला गाडीत घालून न्यायला पोलीस पार्टी मिळत नाही. समुपदेशन होतं, पण ते या धावपळीच्या फटीत कुठेतरी, आणि बहुतेक वेळा तू नुसती ऐकत असतेस.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 479 मध्ये, चांगली सोय आहे. याआधी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला जामिनावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून. पण त्याच कलमात आणखी एक अट आहे: एकापेक्षा जास्त प्रकरणं चालू असतील तर ही सवलत नाही. आता एखाद्या पारधी पोराचा विचार कर. तालुक्यात कुठेही चोरी झाली की आधी कोणाच्या पालावर गाडी जाते, आणि न लागलेल्या चोऱ्या कोणाच्या नावावर टाकल्या जातात? जो सवलतीचा सगळ्यात गरजू, तोच या अटीत अडकतो. कायदा वाचताना ही अट दिसायची असेल तर पारध्यांचा इतिहास माहीत हवा. तो गुन्हेगारीशास्त्राच्या पुस्तकात एखाद्या परिच्छेदात उरकलेला सापडेल.

तो इतिहास तुझ्या शेजारच्या सोलापुरातच आहे. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी पारध्यांसारख्या जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबायची वसाहत, उभं केलं, हजेरी लावली आणि तिथल्या माणसांना गिरण्यांत कामाला धाडलं. 1952 मध्ये कायदा गेला आणि हे लोक विमुक्त झाले. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा 1959 चा. शिक्का जमातीवरून उतरला, पण ठाण्यातल्या वहीतून गेला नाही. तुरुंगांच्या नियमपुस्तकांतून या जमातींचे तसे उल्लेख काढा, असं सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर 2024 मध्ये सांगावं लागलं. तेही पत्रकार सुकन्या शांता यांनी याचिका केली म्हणून.

त्यात दाखल्यांचा घोळ. पारधी अनुसूचित जमातीत, वडार विमुक्त जातीत. पारध्याला जातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 च्या आधीपासून इथे राहत असल्याचा पुरावा लागतो, वडाराला 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा. ज्यांना गावात तीन रात्रींवर थांबू दिलं नाही, त्यांच्याकडे तेव्हाचा रहिवासाचा कागद मागायचा! मग कार्यकर्ती काय करते? जुन्या शाळेचं रजिस्टर धुंडाळते, आजोबाच्या भावाचं नाव शोधते, स्थळचौकशी करा म्हणून तहसीलमध्ये खेटे घालते. आता तूच सांग, हे काम समाजकार्याचं, गुन्हेगारीशास्त्राचं की आदिवासी अभ्यासाचं? म्हणून म्हणते, पदवीच्या नावावर फार झोप उडवू नकोस. मूळ समाजकार्य घे, आणि बाकीचे दोन विषय जिथे त्याच्या पोटात शिकता येतील अशी जागा शोध.

आदिवासी अभ्यासाबद्दल माझं मत जरा तिखट आहे. सण, नाच, दागिने आणि वारली चित्रं यांवर वर्ष काढणारे अभ्यासक्रम असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. वनहक्क कायदा, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा), विस्थापन, आश्रमशाळा हे शिकवतात का ते बघ. आणि ज्यांच्याबद्दल शिकवतात त्यांच्यातलं कोणी शिकवायला आहे का, तेही बघ. 2006 च्या वनहक्क कायद्याखालचा दावा कसा तयार होतो हे एकदा गावात बसून पाहा. जमीन 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असल्याचं दाखवावं लागतं, आणि पुरावा म्हणून गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. म्हातारा सांगतो, 'इथे बापाने मोहाचं झाड राखलं होतं, रेंजरने दंड केला त्या साली.' ती दंडाची पावती घरात निघाली, तर त्याच्याइतका पक्का कागद नाही. ज्या कागदाने त्याला अतिक्रमणदार ठरवलं, तोच त्याचा हक्क सिद्ध करतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो असल्याच कागदांच्या आणि वर्षानुवर्षांच्या ग्रामसभांच्या जोरावर. तिथे सगळ्यांच्या सहमतीशिवाय ठराव होत नाही, त्यामुळे बैठक लांबते. शहरातल्या पोरांना तिथे जांभया येतात. तुला येतात का बघ.

गडचिरोली-मेळघाटात काम करायचं मनात असेल तर गोंडी नाहीतर कोरकू आत्तापासून शिकायला लाग. दुभाष्यामार्फत केलेलं केसवर्क मला कधी पटलेलं नाही.

संस्थांचं थोडक्यात. टिस 1936 ची, सगळ्यात जुनी. प्रवेश अलीकडे सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो. तिचाच तुळजापूरचा कॅम्पस तुला घरापासून जवळ, आणि ग्रामीण कामासाठी चांगला. मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ. मराठवाड्यातल्या गल्लोगल्लीच्या एमएसडब्ल्यू कॉलेजांपैकी काही खरोखर चांगली आहेत. काहींत फील्डवर्कची डायरी परीक्षेआधीच्या आठवड्यात एकमेकींची बघून लिहितात. कोणती कुठली, हे त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींकडून कळेल. शिष्यवृत्तीचं प्रवेशाआधीच लेखी विचारून घे: फी आधी भरायची आणि महाडीबीटीचे (सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे) पैसे आल्यावर परत मिळणार, की सुरुवातीपासून माफ? वसतिगृहाचंही तसंच.

नोकरीबद्दल तुझ्या बाबांना काळजी आहे, ती रास्त आहे. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक, महिला व बालविकासात परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांसाठीचे संरक्षण अधिकारी, आदिवासी विकास विभागातली पदं, अशा जागा आहेत, पण जाहिराती रखडत निघतात. तोवर प्रकल्पांतली कंत्राटी नोकरी, अकरा-अकरा महिन्यांची. पहिली काही वर्षं पगार बँकेत गेलेल्या तुझ्या मैत्रिणींपेक्षा कमी असणार, आणि कितपत वाढेल याची हमी मी देणार नाही. एमपीएससीचा अभ्यास करत करत एमएसडब्ल्यू उरकू, असं मनात असेल तर मात्र प्रवेश घेऊ नकोस. दोन्ही धड होत नाहीत, आणि तुझ्या जागी एखादी काम करणारी मुलगी बाहेर राहते.

बाबांशी पगाराचं मीच बोलते, रविवारी रात्री फोन करेन. तू तेव्हा समोर नसलेली बरी. आईला नमस्कार.

तुझी,
मावशी