चाक चांगलं, पण तुमच्या जीपचं नव्हे

प्रश्न : आजोबांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली १९४४ची विलीज जीप आमच्याकडे आहे. वायरिंग अजून सहा व्होल्टचंच. फ्लायव्हीलचे (इंजिनाच्या मागच्या दातेरी चाकाचे) दाते झिजले म्हणून दिल्लीच्या एका व्यापाऱ्याला इंजिनाचे, जुन्या चाकाचे आणि आरसीचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले. ‘बैठ जाएगा साहब’ असं उत्तर आलं. मी १८,५०० रुपये भरले. मिस्त्रीने चाक बसवून सेल मारला तर करकर आवाज झाला आणि बेंडिक्स (स्टार्टरचा फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकणारा भाग) तुटला. मग दाते मोजले : जुन्याला ९७, नव्याला १२९. व्यापारी म्हणतो, बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलंय. आणखी एक अडचण : आरसीवर इंजिन नंबर ‘एमबी’ने सुरू होतो, ब्लॉकवर मात्र ‘जीपीडब्ल्यू’ आहे. तक्रार केली तर आरटीओचं लचांड मागे लागेल का? – एक वाचक, जि. सातारा

उत्तर : व्यापारी बहुधा असं म्हणेल की चाकात काहीच खोट नाही. ते खरंही आहे. १२९ दात्यांचं चाक नंतरच्या सीजे ३बी जीपला बिनतक्रार चालेल. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम २(१०) मधली ‘दोषा’ची व्याख्या फक्त भेगा-तड्यांपुरती नाही. विक्रेत्याने वस्तूबद्दल कोणत्याही प्रकारे जो दावा केला, त्यात ती कमी पडली तरी तो दोषच. तुमचा सगळा दावा ‘बैठ जाएगा’ या दोन शब्दांवर उभा आहे, तेव्हा ते चॅट पुसू नका, फोनही बदलू नका. पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागेल.

तुम्ही स्वतः पार्ट नंबर सांगून ‘हाच पाठवा’ म्हणाला असतात, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. वस्तुविक्री अधिनियम, १९३०चं कलम १६ गिऱ्हाइकाला आधार देतं ते त्याने आपली गरज सांगून विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबल्यावरच. तुम्ही फोटो पाठवले, निवड त्याने केली. सहा व्होल्टच्या लष्करी जीपला ९७ दाते असतात, हे जुन्या जीपचे सुटे भाग विकणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

दोन नंबरांचा घोळ इथे तुमच्या विरोधात जात नाही. ‘एमबी’ म्हणजे विलीजची जीप आणि ‘जीपीडब्ल्यू’ म्हणजे फोर्डने विलीजच्याच आराखड्यावर बनवलेली जीप. दोन्हींची इंजिनं अदलाबदल होण्याजोगी आणि दोन्हींना ९७ दाते. व्यापाऱ्याने कुठलाही नंबर वाचला असता तरी चाक तेच निघालं असतं.

आता तुमची लंगडी बाजू. बसवण्याआधी मिस्त्रीने एका दात्यावर खडूची खूण करून चाक फिरवलं असतं, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. माल तपासून पाहायची संधी मिळूनही तो वापरला, तर व्यापारी ‘तुम्ही स्वीकारलात’ असं म्हणू शकतो. मग माल परत देण्याचा हक्क सुटू शकतो, भरपाईचा मात्र राहतो. म्हणून चाकाची किंमत ठामपणे मागा. बेंडिक्सचा खर्च मागा, पण तो पूर्ण मिळेल या भरवशावर राहू नका. मानसिक त्रासाचे पाच लाख वगैरे तर लिहूच नका. अशा आकड्यांनी खरी मागणीही पोकळ वाटू लागते.

बिलावरच्या छापील ओळीची भीती बाळगू नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलात मुदत नसेल तर ३० दिवस धरले जातात. आधी स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस पाठवा. चाक आमच्याकडे सुरक्षित आहे, घेऊन जा, असं त्यात लिहा. तोवर ते विकू नका, त्याचे दाते घासून घेऊ नका. दोन्ही चाकं शेजारी ठेवून फोटो काढा, मिस्त्रीचं शपथपत्र घ्या.

दिल्लीला जायची गरज नाही. याच कायद्याच्या कलम ३४ मुळे तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि वकील लागतोच असं नाही (हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय).

राहिला आरटीओ. फ्लायव्हील बदलणं म्हणजे वाहनात फेरबदल नव्हे, आणि ग्राहक आयोग काही तुमचं इंजिन तपासायला येणार नाही. पण नंबरांची तफावत हा वेगळा आणि खरा प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीविना इंजिन बदललं तर १४ दिवसांत कळवावं लागतं. लष्करी वर्कशॉपमध्ये दुरुस्तीच्या वेळी इंजिनं सर्रास इकडची तिकडे होत, त्यामुळे हा बदल कदाचित आजोबांच्याही आधीचा असेल. लिलावाचा कागद शोधा, ब्लॉकवरच्या नंबरची पेन्सिल प्रिंट घ्या आणि नोंद दुरुस्तीचा अर्ज स्वतःहून करा. अपघात झाल्यावर ही तफावत विमा कंपनीच्या हाती लागण्यापेक्षा ते बरं. जुन्या गाड्यांसाठीचा ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर घ्यायचा विचार असेल, तर तो अर्ज ही दुरुस्ती झाल्यानंतरच करा. तो नंबर लागला की जीप रोज बाजाराला नेता येणार नाही, हेही घरात आधी बोलून घ्या.