शंका-समाधान : ऑक्सिजन शेवटीच का घ्यायचा?

प्रश्न : मी दहावीत आहे. ब्युटेनच्या ज्वलनाचं समीकरण संतुलित करताना कार्बन, हायड्रोजन जुळतात. ऑक्सिजन काही केल्या जुळत नाही. शेवटी पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनचे दोन अणू लिहिले, तर पूर्ण उत्तर चूक दिलं.

उत्तर : चूक द्यायलाच हवं होतं. पाण्याच्या रेणूत दोन ऑक्सिजन लिहिले की ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. सूत्रातल्या खालच्या बारीक अंकांना हात लावायचा नाही. बदलायचा तो फक्त सूत्राआधीचा सहगुणक, आणि तो सूत्रातल्या सगळ्याच अणूंना लागू होतो.

ब्युटेनच्या एका रेणूत ४ कार्बन आणि १० हायड्रोजन. म्हणून उजवीकडे ४ कार्बन डायऑक्साइड आणि ५ पाणी. आता तिथले ऑक्सिजनचे अणू मोज : ८ अधिक ५, म्हणजे १३. डावीकडे ऑक्सिजन जोडीनेच येतो, त्यामुळे विषम संख्या आली की गाडं अडतं. खुशाल साडेसहा रेणू लिही आणि मग अख्ख्या ओळीला २ ने गुण :

२ ब्युटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

दोन्हीकडे कार्बन ८, हायड्रोजन २०, ऑक्सिजन २६. इथे बरेच जण साडेसहाचे तेरा करतात आणि बाकीचे सहगुणक तसेच ठेवतात. मोजणी पुन्हा केली की हे लगेच सापडतं. ऑक्सिजन शेवटी घ्यायचा, कारण डावीकडे तो एकटा आहे. त्याचा सहगुणक कितीही बदलला तरी कार्बन-हायड्रोजनचं जुळलेलं मोडत नाही.

प्रश्न : साडेसहा तसंच ठेवलं तर चालतं का?

उत्तर : एक मोल ब्युटेनच्या ज्वलनाची उष्णता काढताना तसं लिहितातच. एरवी लहानात लहान पूर्णांक लिहावेत.

प्रश्न : अकरावीत आहे. तांबं आणि विरल नायट्रिक आम्ल यांची अभिक्रिया (कॉपर नायट्रेट, नायट्रिक ऑक्साइड, पाणी) अंदाजाने सुटतच नाही.

उत्तर : अंदाजाने सुटते, पण पानभर खाडाखोड होते. ऑक्सिडेशन नंबर (अणूने किती इलेक्ट्रॉन दिले किंवा घेतले असं धरायचं, ते सांगणारा अंक) घ्या. तांबं ० वरून +२ वर जातं, म्हणजे २ इलेक्ट्रॉन देतं. नायट्रिक ऑक्साइडमध्ये जाणारा नायट्रोजन +५ वरून +२ वर येतो, म्हणजे ३ घेतो. देणं-घेणं सारखं व्हायला ३ तांबं आणि २ नायट्रिक ऑक्साइड.

आता डावीकडे आम्लाचे दोनच रेणू लिहिलेत, तर फसलात. ३ कॉपर नायट्रेटमध्ये ६ नायट्रेट मूलकं आहेत. त्यांतल्या नायट्रोजनचा ऑक्सिडेशन नंबर +५ च राहतो, म्हणून इलेक्ट्रॉनच्या हिशेबात ते दिसत नाहीत. पण तेही आम्लातूनच आलेले. म्हणून आम्ल २ अधिक ६, म्हणजे ८. त्यातल्या ८ हायड्रोजनचं ४ पाणी.

३ तांबं + ८ नायट्रिक आम्ल → ३ कॉपर नायट्रेट + २ नायट्रिक ऑक्साइड + ४ पाणी

ऑक्सिजन अजून आपण मोजलेलाच नाही, त्यामुळे पडताळा त्याच्यावर घ्या : डावीकडे २४, उजवीकडे १८, २ आणि ४, म्हणजे २४. आम्ल संहत असेल तर मात्र हे समीकरण वापरू नका. तिथे नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, नायट्रोजन एकच इलेक्ट्रॉन घेतो आणि सहगुणक येतात १, ४, १, २, २.