सावलीत काळा नको

ऑइल पेंटमध्ये चेहरा रंगवताना त्वचा मळकट का दिसते, असं विचारलंस ना? आधी ती ‘फ्लेश टिंट’ची, म्हणजे तयार त्वचारंगाची ट्यूब बाजूला ठेव. त्यातून आपल्याकडचा गव्हाळ माणूस निघत नाही. ऑइलमध्ये यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), कॅडमियम रेड, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि टायटॅनियम व्हाइट, एवढ्यावर सुरुवातीला छान भागतं. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झॉर्न तर ऑकर, व्हर्मिलियन (शेंदरी लाल), काळा आणि पांढरा एवढ्या चारच रंगांच्या पॅलेटसाठी ओळखला जातो.

तुझी खरी अडचण सावलीत आहे. उजेडाच्या रंगात नुसता काळा कालवलास की गाल मळकट दिसणारच. बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन घाल, गडद पण जिवंत तपकिरी मिळेल. सावलीत पांढरा जवळजवळ नकोच, खडू फासल्यासारखं होतं. खिडकीचा उजेड थंड (निळसर) असेल तर सावली सहसा ऊबदार (तांबूस-पिवळसर) दिसते. पिवळ्या बल्बखाली उलट. डोळे किलकिले करून बघ, उजेड-सावलीचे दोन मोठे आकार सुटे दिसतील. आधी तेच मांड, पापण्या नंतर.

हनुवटीखाली शर्टावरून परतलेला उजेड फार भुरळ घालतो (सगळ्यांनाच!). तो उजळ बाजूपेक्षा गडदच ठेव, नाहीतर जबड्याची गोलाई गेली.

चेहराही एकरंगी नसतो. कपाळ पिवळसर, गाल-नाक तांबूस, पुरुषांची दाढीची जागा करडी-निळसर. सावळ्या कपाळावरची चमक खिडकीतल्या आकाशाची निळी छटा घेते. तिथे कोरा पांढरा ठेवू नकोस.

आणि फोटोवरून कमी कर. आरशासमोर बसून स्वतःचा कान रंगव. मागून ऊन आलं की तो चक्क लाल दिसतो.