शाडूच्या मूर्तीभोवती थर्मोकोलऐवजी काय घालावे?

प्रश्न : आम्ही शाडूच्या गणेशमूर्ती करतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना खोक्यातून पाठवतो. मूर्ती मातीची आणि भोवती थर्मोकोल, हे मनाला पटत नाही. मक्याच्या स्टार्चचा, पाण्यात विरघळणारा फोम आमच्या कामाला चालेल का? तो खरोखर मातीत मिसळतो का?
— एक मूर्तिकार, बापट कॅम्प, कोल्हापूर

उत्तर : थर्मोकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. त्याच्या आकारमानात सुमारे ९८ टक्के हवाच असते, म्हणून ते हलके, स्वस्त आणि धक्का झेलणारे आहे. परंतु टाकून दिल्यावर त्याचा चुरा होतो आणि ते दाणे ओढ्या-नाल्यांतून नदीत जाऊन वर्षानुवर्षे तसेच राहतात.

स्टार्चचा फोम तयार होताना पाहिला, तर चिरमुऱ्याची भट्टी आठवते. ओलसर स्टार्च उष्णता आणि दाब देऊन यंत्रातून पुढे रेटतात, आणि तोंडाशी दाब एकदम उतरताच आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुलतो. निव्वळ स्टार्चचा असेल, तर तो मातीत खरोखरच मिसळतो. मात्र आपली मूर्ती ज्या महिन्यांत प्रवास करते, त्या महिन्यांतील कोल्हापूरची हवा त्याला मानवणारी नाही. दमट हवेत तो ओल शोषून मऊ पडतो व आक्रसतो, खोक्यात पोकळी होते आणि मूर्ती हलू लागली की सोंड किंवा बोटे आधी दुखावतात. मुंग्या आणि उंदीर लागण्याची भीती वेगळीच. म्हणून पावसाळ्यात मूर्तीचा मुख्य आधार म्हणून तो वापरू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

‘बायोडिग्रेडेबल’ एवढ्याच शब्दावर विसंबू नये. पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल) हे प्लास्टिकही मक्यासारख्या पिकांपासून होते, पण त्याचे खत होण्यासाठी साधारण ५८ अंश सेल्सिअस तापमान टिकवून धरणारा प्रकल्प लागतो. परसातल्या खड्ड्यात ते लवकर कुजत नाही. कंपोस्टेबल प्लास्टिक म्हणून विकल्या जाणाऱ्या मालासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र आवश्यक असते; ते विक्रेत्याकडे अवश्य मागावे. स्टार्चच्या फोमची परीक्षा घरीच होते : तुकडा पेलाभर पाण्यात ढवळावा, तो विरघळायला हवा.

आपल्यासाठी मला कागदाच्या किंवा बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, लगद्याचे साचे अधिक योग्य वाटतात. बगॅसची आपल्या जिल्ह्यात वाण नाही; कारखान्यांत तो मुख्यतः बॉयलरमध्येच जळतो, आणि त्यातला थोडा जरी या कामी आला तरी मला मनापासून आनंद होईल. शेतातील काडीकचऱ्यावर अळिंबीचे तंतू वाढवून केलेले साचेही परदेशात वापरले जातात; हे तंतू काही दिवसांत साच्यात भरतात आणि मग तापवून त्यांची वाढ थांबवतात. यंदापुरते मात्र कडक वाळवलेले भाताचे पिंजर जाड कागदात गुंडाळून मूर्तीच्या तळाशी व बाजूंना गच्च बसवावे, सोंड आणि हातांभोवती कागदाचे बोळे भरावेत, आणि खोके बाहेरून मेणकागदाने बंद करावे. पहिले खोके पाठवण्यापूर्वी रंगात बिघडलेली एखादी मूर्ती तशीच बांधून कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकून पाहावी.